सुई न टोचता परत आलो: नागपूर ते बर्दिया, एका सिकलसेल गटाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आमच्याच गटाचं आहे. माणसांची आणि गावाची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण यात काही जणांचे आजार आणि काही घरांच्या सोयरिकी येतात.

विदर्भाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख 'लॅन्सेट'मध्ये १९५८ सालीच छापून आला होता. उत्तर नागपुरात 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' हे शब्द घरातल्या बोलण्यात असतात. एएस म्हणजे वाहक, सहसा कसलाच त्रास नसलेला. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजारी: रक्त कमी, हाडं-सांधे ठणकणं, वारंवार भरती. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस निघण्याची शक्यता चारात एक.

आम्ही नऊ जण दर रविवारी भेटतो. मी समुपदेशक आहे, सतरा वर्षं हेच काम करते. मेडिकल कॉलेजमधून निवृत्त झालेले एक लॅब तंत्रज्ञ आहेत, त्यांना सगळे काका म्हणतात. एक नर्सताई आहेत. सत्तावीस वर्षांचा एक मुलगा आहे, तो स्वतः एसएस. बाकीचे जमेल तसा वेळ देणारे.

नेपाळशी आमचा संबंध आला तो एका आचाऱ्यामुळे. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात काम करणारा हा पोरगा हाडं दुखून विव्हळत भरती झाला. त्याची हिंदी ऐकून वॉर्डातल्यांना वाटलं बालाघाटकडचा असेल. रिपोर्ट एसएस आला, समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवला, तेव्हा कळलं की तो नेपाळमधल्या बर्दिया जिल्ह्यातला, थारू समाजाचा आहे.

पश्चिम नेपाळच्या तराईतल्या, म्हणजे डोंगरांच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यातल्या थारूंमध्ये सिकलसेल बराच आढळतो. कारण आपल्या गडचिरोली-गोंदियासारखंच आहे. सिकलसेलचा जनुक एकाच पालकाकडून आला तर जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, आणि डीडीटीची फवारणी सुरू होईपर्यंत तराईचं जंगल मलेरियाचं माहेरघर होतं. डोंगरातले लोक तिथे राहायला धजत नसत. थारू पिढ्यान् पिढ्या तिथेच राहिले.

पोरग्याची मोठी बहीण गावाकडे 'आमा समूह' चालवते, म्हणजे आयाबायांचा गट. वस्ती मुक्त कमैयांची. कमैया म्हणजे जमीनदाराकडे कर्जापायी पिढीजात राबणारी कुटुंबं. ही वेठबिगारी नेपाळ सरकारनं १७ जुलै २००० रोजी बंद केली, आणि घरदार नसलेली हजारो माणसं एकाएकी उघड्यावर आली. या वस्तीत जी संघटना उभी राहिली ती बायकांनी उभी केली. या बहिणीला आम्ही पुढे दिदी म्हणू लागलो. तिच्याकडे एक वही होती. वहीत ४१ नावं, सगळी दवाखान्यात सिकलसेल निघालेल्या माणसांची.

अडचण

आम्ही ठरवलं, जायचं. त्या काळचं वातावरणही तसंच होतं. जुलै २०२३ मध्ये शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, त्यात सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य होतं, आणि जो तो आकड्यांत बोलत होता. आमचाही आकडा ठरला: दहा दिवस, पाच गावं, हजार तपासण्या. एका व्यापारी स्नेह्यानं चार लाखांचा खर्च उचलायची तयारी दाखवली. बॅनरचा मजकूर तयार झाला. टी-शर्टचे माप घेऊन झाले.

दिदीला फोन केला. ती म्हणाली, "हजुर, आइये." दिवस विचारले, तर कुठलेही चालतील. जागा विचारली, तर शाळा आहे. किती लोक येतील, तर तुम्ही म्हणाल तितके. आम्ही खूश झालो. सतरा वर्षं लोकांशी बोलायचं काम करून मला तो होकार ओळखता आला नाही, याचं आजही वाईट वाटतं. आपल्याकडे सुद्धा मोठ्या गाडीतून आलेल्या पाहुण्याला गावातली बाई 'नको' म्हणते का?

नर्सताईंना मात्र काहीतरी खटकलं. त्यांनी एका दुपारी, आमच्यापैकी कोणी सोबत नसताना, दिदीला पुन्हा फोन लावला. तासभर घरच्या, सुनेच्या, भातशेतीच्या गोष्टी झाल्या आणि मग दिदीनं विचारलं, "रिपोर्ट कसले बुझाउँछ?" रिपोर्ट समजावून कोण सांगणार? आणि थोडं थांबून, "अनि तपाईंहरू गएपछि?" तुम्ही गेल्यानंतर?

काही वर्षांपूर्वी बाहेरून आलेली एक मंडळी वस्तीत रक्त घेऊन गेली होती. रिपोर्ट कधी आलेच नाहीत. लोक त्या मंडळींना कुठे शोधणार? ते दिदीच्या दारात येऊन बसले. वर्षभर. "हमारा खून कहाँ गया," असं विचारत.

रविवारच्या बैठकीत ताईंनी हे सांगितलं तेव्हा बराच वेळ कोणी बोललं नाही. मग कामाच्या गोष्टी एकेक करून पुढे आल्या, आणि त्यातली प्रत्येक आम्ही आधीच विचारायला हवी होती.

पहिली खुद्द चाचणीची. शिबिरात होते ती सोल्युबिलिटी चाचणी. द्रावणात बोटाच्या रक्ताचा थेंब टाकायचा, नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा पुसट झाल्या तर पॉझिटिव्ह. पण पॉझिटिव्ह आलेला माणूस एएस आहे की एसएस, हे या नळीत कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी प्रयोगशाळेतली चाचणी. सहा महिन्यांखालच्या बाळाची चाचणी तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते, कारण त्याच्या अंगात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. म्हणजे पॉझिटिव्ह निघालेल्या सगळ्यांना 'तुमच्यात काहीतरी आहे' एवढंच सांगून आम्ही निघून येणार होतो.

त्यावर एकानं सुचवलं की नमुने थर्माकोलच्या पेटीत नागपूरला आणू, इथे इलेक्ट्रोफोरेसिस करू. ही सूचना तिथल्या तिथे रद्द झाली. नेपाळमधून माणसाच्या रक्ताचे नमुने परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत, आणि दिदीच्या लोकांचा जुना प्रश्न नेमका तोच होता.

दुसरी गोष्ट परवान्याची. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, १९५० च्या करारानुसार ये-जा मोकळी आहे. मतदार ओळखपत्र दाखवून रुपैडिहाची सीमा ओलांडता येते. त्यामुळे आपल्याला ते परदेश वाटतच नाही. पण प्रयोगशाळेतलं काम करायचं तर नेपाळ स्वास्थ्य व्यवसायी परिषदेची नोंदणी लागते, नर्सला नर्सिंग परिषदेची, डॉक्टरला मेडिकल परिषदेची. तिथली आरोग्य चौकी स्थानिक पालिकेच्या ताब्यात असते, तिला न विचारता शाळेत शिबीर लावणं म्हणजे कोणीतरी काठमांडूहून येऊन आमच्या नागपुरातल्या इंदोऱ्यात न विचारता सुया टोचण्यासारखं.

तिसरी पैशाची. आमच्या गटाचे पैसे एका नोंदणीकृत ट्रस्टमधून येतात. भारतातल्या धर्मादाय ट्रस्टनं देशाबाहेर केलेल्या खर्चाला खास मंजुरीशिवाय आयकराची सूट मिळत नाही. आमच्या लेखापालांनी हे सांगितलं तेव्हा बॅनर छापूनही झाला होता.

समोरचे पर्याय

शिबीर ठरल्याप्रमाणे करायचं, फक्त परवानग्या घेऊन. व्यापारी स्नेह्यांचा आग्रह याचाच होता आणि त्यांच्या बाजूनं एक गोष्ट खरी होती: तपासणीच झाली नाही तर वाहकांना कळणार कसं? मी त्यांना १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी मांडलेले तपासणीचे निकष वाचून दाखवले. निदानाची आणि उपचाराची सोय हाताशी हवी, आणि रुग्ण शोधणं हे एकदा करून मोकळं होण्याचं काम नाही, ते सतत चालू राहायला हवं. आमच्याकडे दहा दिवस होते.

नुसते पैसे पाठवायचे, हा दुसरा पर्याय. सोपा, पण आयकराची अडचण होतीच, आणि दिदीनंही पैसे मागितले नव्हते.

तिसरा, काहीच न करणं. हा बोलून दाखवायला कोणी तयार नव्हतं म्हणून मीच मांडला. आमच्या जाण्यानं तिथल्या बायकांची फक्त धावपळ वाढणार असेल तर घरी बसलेलं बरं, हे मला अजूनही पटतं.

चौथा ताईंच्या त्या दुपारच्या फोनमधून निघाला. दिदीला नवे रुग्ण नको होते. वहीतल्या ४१ जणांपैकी बरेच जण औषध सोडून बसले होते. हायड्रॉक्सियुरियाची गोळी रोज घ्यायची, रक्त ठरावीक काळानं तपासायचं, गरोदरपणात ती गोळी चालत नाही, लहान मुलाला ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. हे घरोघरी जाऊन कसं सांगायचं, त्यांच्या शंकांना काय उत्तर द्यायचं, ते बायकांना शिकायचं होतं. नेपाळमध्ये विपन्न, म्हणजे हलाखीतल्या नागरिकांसाठी असलेल्या योजनेत तेव्हा सिकलसेलच्या उपचाराला एक लाख नेपाळी रुपयांची मदत मिळत होती, पण वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयाची शिफारस आणि कागद गोळा करताना लोक थकत. ते कागद भरायलाही बायका तयार व्हायला हव्या होत्या.

काय केलं

आम्ही चौथा मार्ग धरला. आधी तिघांनी सहा दिवस जायचं, फक्त पाहायला आणि ऐकायला. मग तिथल्या दोघींना बारा दिवस नागपूरला बोलवायचं. त्यानंतर वर्षभर दर पंधरवड्याला फोन. व्यापारी स्नेह्यांनी निम्मे पैसे मागे घेतले. मला राग आला होता. पण फोटो आणि आकडा हे त्यांना आम्हीच दाखवलं होतं, ते त्यांच्या डोक्यात आपोआप आलेलं नव्हतं.

काकांचं मन वळवणं त्याहून अवघड गेलं. "चाळीस वर्षं सुई टोचून राहिलो मी," ते म्हणाले, "आता तिथं जाऊन नुसता बसून राहू का?" मी उत्तर दिलं नाही. ताई म्हणाल्या, "काका, बसूनच पाहा ना एकदा."

कधी जायचं यावरही वाद झाला. डिसेंबर-जानेवारीत तराईत धुकं आणि शीतलहर असते, आणि थंडी लागली की एसएस रुग्णाचं दुखणं उठू शकतं. आमच्या गटातला एसएस मुलगा सोबत येणार होता. मे महिन्यात ऊन भाजून काढतं, अंगातलं पाणी कमी झालं तरी तोच धोका. फेब्रुवारीची अखेर ठरली. लखनौपर्यंत रेल्वे, पुढे बहराइचवरून रुपैडिहा, मग नेपाळगंज. मुलाच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या आणि संत्रा बर्फीचे चार डबे होते.

पहिल्या दिवशी पालिकेच्या आरोग्य शाखेत गेलो. आम्ही तपासणार नाही, उपचार करणार नाही, हे तिथे लिहून दिलं. तिथल्या बाबूंना वाटलं काहीतरी लपवतोय. परदेशी माणूस येऊन 'आम्ही काही करणार नाही' असं लिहून देतो, हे त्यांनी पाहिलं नसावं.

सगळ्यात उपयोगी ठरला तो आमचा मुलगा. त्यानं दिदीच्या ओसरीवर आपल्या गोळ्यांचं पाकीट काढून ठेवलं. बायकांनी विचारलं, काम करतोस? हो, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. लग्न? ठरतंय. किती वर्षं गोळी घेतोस? नऊ. दुसऱ्या दिवशी औषध सोडलेले दोन तरुण स्वतःहून आले आणि त्याच्याशीच बोलत बसले. मी तिथून उठले. माझ्या सतरा वर्षांच्या अनुभवापेक्षा त्यांना त्याची नऊ वर्षं जवळची होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तीसेक माणसं बाह्या सरकवून उभी. भारतातून डॉक्टर आलेत अशी बातमी पसरली होती. काकांच्या पिशवीत नळ्या आणि द्रावण होतं. नागपूरहून निघताना त्यांनी ते आम्हाला न सांगता घेतलं होतं, आणि त्या क्षणी ते त्यांनी मला सांगितलं. एक बाई दोन तास चालत आली होती, कडेवर लेकरू. काका माझ्याकडे पाहत राहिले. मी 'नाही' म्हणाले. दिदी पुढे झाली, तिनं थारूत सगळ्यांना सांगितलं, नावं वहीत घेतली, आणि पालिकेशी बोलून तपासणी लावायचं कबूल केलं. ती दोन तास चाललेली बाई आम्हाला चार शब्द सुनावून गेली. लेकराला ताप नाही, पिवळेपणा नाही, एवढं विचारून घेतलं, पण तिचा राग रास्त होता. तिच्यापर्यंत खरी बातमी पोचवणं आमचं काम होतं आणि ते आम्ही केलं नव्हतं.

जे बिघडलं

हे माझ्या हातून बिघडलं.

त्याच सकाळी, गर्दी पांगत असताना, एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीतून रिपोर्ट घेऊन आली. भाऊ एसएस निघाला तेव्हा घरातल्या सगळ्यांची नेपाळगंजला तपासणी झाली होती. तिचा रिपोर्ट कोणी तिला समजावून सांगितला नव्हता. मी वाचला आणि हिंदीत म्हणाले, "बेटी, घबराना मत, तुम सिर्फ वाहक हो, शादी से पहले लड़के की जाँच करवा लेना."

अंगणात अजून आठ-दहा बायका होत्या. त्यांत तिच्या होणाऱ्या सासूची बहीण होती.

नागपुरात मी दार लावल्याशिवाय रिपोर्टबद्दल अवाक्षर काढत नाही. वाहक आहे म्हणून मोडलेल्या सोयरिकी मी पाहिल्या आहेत, मुलीच्या कपाळी लागलेला शिक्का पाहिला आहे. तरी तिथे मी दार शोधलं नाही. तीस माणसांना परत पाठवल्यावर कोणाच्या तरी उपयोगी पडायची मला घाई झाली होती. चार दिवसांत मुलाकडच्यांनी बोलणं थांबवलं. आम्ही तोवर लखनौच्या गाडीत होतो. निस्तरायला राहिली दिदी.

तिचा फोन आला तेव्हा ती माझ्यावर ओरडली नाही. तिनं विचारलं की वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे मुलाच्या आईला पटेल असं कसं सांगू. मी तिला रंगीत मण्यांची पद्धत सांगितली: आईकडचे दोन मणी, बापाकडचे दोन, प्रत्येकाकडून एकेक उचलायचा, लाल म्हणजे सिकलसेलचा. लाल-पांढरा असे मणी असलेली मुलगी आणि दोन्ही पांढरे असलेला मुलगा यांचं एकही मूल एसएस होऊ शकत नाही. दिदी दोन महिने त्या घरी जात राहिली. मुलानं तपासणी करून घेतली नाही. सोयरीक जुळली नाही.

पुढे काय झालं

पावसाळ्यात दिदी आणि तिची जोडीदारीण नागपूरला आल्या. सरकारी रुग्णालयातल्या सिकलसेल कक्षात बसल्या, आमच्यासोबत वस्त्यांमध्ये फिरल्या. पहिल्याच दिवशी दिदीनं माझ्या खोलीचं दार पाहिलं आणि विचारलं, आमच्याकडे घरांना आतून खोलीच नसते, मग बोलायचं कुठे? उत्तर त्या दोघींनीच काढलं: शेतात, गवत कापताना. त्या वेळी दोघी बायका एकत्र दिसल्या तर कोणाला वेगळं वाटत नाही.

वर्षाच्या शेवटी वहीतले निम्म्याहून जास्त लोक पुन्हा औषधावर होते. विपन्न नागरिक योजनेचे कागद अनेकांचे मार्गी लागले. काही जण फिरकलेच नाहीत. एक तरुण वारला, औषध घेत असूनही. पालिकेनं आपल्याच तंत्रज्ञाकडून तपासणी लावली, ती अंगणात आलेल्या यादीपासून सुरू झाली. त्या यादीतल्या सगळ्यांना रिपोर्ट मिळाले की नाही, हे दिदीनं घरोघर जाऊन पाहिलं.

खर्च ठरलेल्या चार लाखांपेक्षा कितीतरी कमी आला. सहा दिवसांच्या प्रवासाचे पैसे आम्ही तिघांनी स्वतःच्या खिशातून दिले. दोघींचं येणं-राहणं नागपुरात झालं, त्यामुळे तो खर्च ट्रस्टला करता आला.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला फोन गटानं मिळून करायचा नाही. बाईनं बाईशी, निवांत, दोन-तीनदा बोलायचं, आणि होकार लगेच आला तर आणखी एकदा विचारायचं. पैसे देणाऱ्याला आकडा आधी सांगायचा नाही. निघण्याआधी एकमेकांच्या पिशव्या उघडून पाहायच्या, काका रागावले तरी.

तिघांनी तरी जायला हवं होतं का, हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. ताईंचं म्हणणं, दोघींना थेट नागपूरला बोलावलं असतं तर अंगणात गर्दी झाली नसती आणि त्या मुलीचा रिपोर्ट मी वाचला नसता. काका म्हणतात, आधी आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो नसतो तर त्या आमच्या ओसरीवर आल्याच नसत्या. मला दोघांचंही पटतं. मात्र आता मी परगावी, परदेशी कुठेही गेले तर रिपोर्ट हातात घेत नाही, घेतलाच तर उभ्या जागी वाचत नाही. त्या मुलीचा नंबर मी दिदीकडे एकदा मागितला होता, माफी मागायला. दिदी म्हणाली, "ती बोलायचं म्हणाली तर मीच लावून देईन." अजून तसा फोन आलेला नाही.

पालिका आता दुसऱ्या गावांत तपासणी करणार आहे. आमचं त्यात काही काम नाही. मागच्या आठवड्यात दिदीनं एवढंच विचारलं, नळ्या उभ्या ठेवायच्या लाकडी स्टँडचं माप पाठवता का, गावातला सुतार बनवून देतो म्हणतोय. काकांनी जुना स्टँड काढला, भोकांचं अंतर पट्टीनं मोजलं, कागदावर आखून फोटो पाठवला.